मुळं आमची, पानं त्यांची

आयव्हीची वेल लावायची कल्पना माझी होती. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढच्या काही गोष्टी कबूल करायला मी फार उशीर केला.

आमच्या घरामागे एक चिंचोळी पट्टी आहे. तिला आम्ही बाग म्हणतो. तिच्यात एक नळ, कपडे वाळत घालायची दोरी आणि माझ्या खांद्याइतकी उंच एक भिंत एवढंच आहे. भिंतीचा गिलावा जागोजागी सुटलेला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभं राहिलं की ती भिंत माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. एकदा वाचनालयातल्या मासिकात आयव्हीने मढलेल्या घराचं चित्र दिसलं. टोकेरी, चकचकीत, काठाला पांढरी किनार असलेली पानं, आणि त्यांच्याखाली भिंत औषधालासुद्धा दिसत नव्हती. मी ते मासिक घरी आणून बायकोला दाखवलं.

ती म्हणाली, "छान आहे. पण या घरात कपडे कुठे वाळत घालतात?"

सौंदर्याविषयी आमच्यात मतभेद आहेत. ते असोत.

नर्सरीवाल्याने पेल्याएवढ्या कुंडीतलं रोप माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "साहेब, बिनधास्त न्या. ही वेल मरतच नाही." ती तीन आठवड्यांत मेली. मी कुंडी घेऊन परत गेलो. त्याने मातीत बोट घालून बघितलं आणि सांगितलं, "पाणी जास्त झालं." दुसरं रोप आणलं. तेही गेलं. पुन्हा मातीत बोट. "पाणी कमी पडलं." तिसऱ्याला मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घेऊन मापून पाणी घातलं. ते मापात मेलं.

या काळात मला सल्ल्यांची ददात नव्हती. समोरच्या नर्सबाई म्हणाल्या, "झाडाशी रोज बोलत जा हो. त्यांना कळतं." आमच्या ऑफिसातला डिस्पॅच क्लार्क म्हणाला, "बोलू नका. एकटं सोडा. माझ्या मेहुण्याने बोलून बोलून जास्वंद घालवली." मी मधला मार्ग काढून झाडाशी कामापुरतं बोलायला लागलो. आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या सासूबाईंनी मात्र सल्ला दिला नाही. त्यांनी थेट कृती केली. तिन्ही कुंड्यांत त्या रोज सकाळी गाळणीतला चहाचा चोथा ओतत होत्या, हे मला तिसऱ्या रोपाच्या शवविच्छेदनात कळलं.

"उपाशी दिसत होतं बिचारं," त्या म्हणाल्या.

चौथं रोप नर्सरीवाल्याने स्वतःहून दिलं, बहुधा मी पुन्हा दुकानात येऊ नये म्हणून. ते मी कुंडीत लावलंच नाही. रागाच्या भरात खुरप्याने भिंतीच्या बुडाशी खड्डा काढला, त्यात ते ढकललं, वर माती लोटली आणि पाठ फिरवली. पाणी नाही, माप नाही, बोलणं नाही.

ते जगलं.

नुसतं जगलं नाही, तर चढलं. देठांतून बारीक केसांसारखी मुळं फुटली आणि त्यांनी भिंत अशी धरली, जशी सासूबाई बसमध्ये खिडकीची जागा धरतात. मी रोज सकाळी पेन्सिलीने भिंतीवर खूण करायला लागलो. दोन महिन्यांत वेल माझ्या गुडघ्यापर्यंत आली, पाच महिन्यांत कमरेपर्यंत. मग उन्हाळा आला आणि तेव्हा मला समजलं की आमच्या बाजूला दुपारनंतर सगळं ऊन येतं आणि आयव्हीला ऊन चालत नाही. खालची पानं करपून गळाली. पण शेंडा थांबला नाही. तो भिंतीच्या माथ्यावर पोचला, दोन-चार दिवस तिथे घुटमळला आणि पलीकडे उतरला.

पलीकडे हेडमास्तर राहतात. निवृत्त आहेत, एकटेच असतात. अंगणातून आम्हाला त्यांचा फक्त भिंतीवरचा भाग दिसतो, त्यामुळे आमच्या दृष्टीने ते खरोखरीच हेड आहेत. बोलतात ते शुद्धलेखन घातल्यासारखं, प्रत्येक शब्दानंतर समोरच्याने लिहून घेतला की नाही याची वाट बघत. सहा वर्षांच्या शेजारात आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नव्हतं. एका सकाळी ते हेड म्हणालं, "शेजारी, आपली वेल फारच गुणी निघाली."

मला बरं वाटलं. "आपली" म्हणजे माझी, असं मी समजलो. ही आपल्या भाषेतली एक धोक्याची जागा आहे. "आपली" म्हणजे तुमची, "आपली" म्हणजे आपल्या दोघांची आणि "आपली" म्हणजे माझी स्वतःची, असे तिन्ही अर्थ होतात. त्यांना कोणता अभिप्रेत होता, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

एक दिवस वाऱ्याने आमचा टॉवेल उडून पलीकडे पडला. तो काढायला मी स्टूल ठेवून वाकलो. आमच्या बाजूला अंगठ्याएवढा जाड एक खोडवजा देठ आणि चार पिवळी पानं होती. पलीकडे मासिकातलं चित्र होतं. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार, पांढऱ्या किनारीची, धुतल्यासारखी चकचकीत. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला दिवसभर सावली असते. समोर वेताची खुर्ची, खुर्चीत उशी. मी टॉवेल न घेताच खाली उतरलो.

बायको म्हणाली, "अहो, टॉवेल?"

"त्यांच्याकडेच राहू दे," मी म्हणालो. "आपलं सगळं तिकडेच शोभतं."

पुढच्या महिन्यात पेपरात उद्यान विभागाच्या घरगुती बाग स्पर्धेच्या पहिल्या फेरीचा निकाल आला. "भिंतीवरील वेल" या गटात पहिला क्रमांक हेडमास्तरांचा. फोटोही होता. मागे माझी आयव्ही आणि पुढे ते, हात मागे बांधून, जणू वेलीने पाठांतर चांगलं करून दाखवलं होतं. अंतिम फेरीसाठी परीक्षक दोन आठवड्यांनी प्रत्यक्ष येणार होते.

सासूबाईंनी चष्मा पुसून फोटो दोनदा बघितला. "आपल्या भिंतीची मागची बाजू इतकी सुरेख आहे, हे जावईबापूंनी कधी सांगितलं नाही."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून उद्यान विभागात गेलो. मी स्वतः पेन्शनच्या ऑफिसात कारकून आहे. बावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसून लोकांना "उद्या या" म्हणत आलोय. त्यामुळे बाहेरच्या बाजूला उभं राहायची सवय नव्हती. खिडकीतल्या बाईंनी माझी हरकत शांतपणे ऐकून घेतली.

"म्हणजे वेल तुमची आहे?"

"हो."

"पुरावा?"

"मूळ माझ्याकडे आहे."

"मग मूळ दाखवा आणि झेरॉक्स जोडा."

"तसं मूळ नाही हो. वेलीचं मूळ. जमिनीतलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते जोडता येणार नाही."

मग त्यांनी मला झाडांच्या टेबलाकडे पाठवलं. झाडांच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले की खोड असेल तरच ते झाड, ही वेल आहे. वेलींचं वेगळं टेबल नव्हतं. भिंतीचा प्रश्न असेल तर बांधकाम विभाग, वरचा मजला. वरच्या मजल्यावरच्या माणसाने विचारलं, "भिंत कुणाची?" मी म्हटलं, दोघांची. "मग तक्रार कुणाची?" मी म्हटलं, एकट्याची. "मग दोघांच्या सह्या घेऊन या." शेवटी मी पुन्हा पहिल्या खिडकीपाशी आलो, तर बाईंनी मला अत्यंत सौजन्याने सांगितलं, "असं करा, उद्या या." हे दोन शब्द समोरून कसे ऐकू येतात, ते मला त्या दिवशी कळलं.

रविवारी दुपारी हेडमास्तर छत्री घेऊन वाचनालयात गेले. बायको आणि सासूबाई झोपल्या होत्या. मी स्वयंपाकघरातली पाव कापायची दातेरी सुरी घेतली, मागच्या दारी जाऊन भिंतीच्या बुडाशी बसलो आणि तो अंगठ्याएवढा देठ कापला. चिवट होता. पाच मिनिटं लागली. पहिल्या मिनिटात मला न्याय केल्यासारखं वाटत होतं. पाचव्या मिनिटात काहीच वाटत नव्हतं, फक्त काम सुरू केलंय तर पुरं करावं एवढंच. कापलेलं टोक मातीने झाकलं, सुरी धुतली आणि आत येऊन पेपर उघडला. पेपर उलटा होता की सुलटा, ते आठवत नाही.

आयव्ही लगेच मरत नाही. सोमवारी ती जशीच्या तशी होती. मंगळवारी सकाळी भिंतीवर हेड आलं.

"शेजारी, पानं किंचित मलूल वाटतात. काय झालं असेल बरं?"

"हवा बदलली असेल," मी म्हणालो.

"हवा," त्यांनी लिहून घेतल्यासारखा शब्द उच्चारला आणि ते गेले.

त्याच दिवशी माझ्या हातांना खाज सुटली. संध्याकाळपर्यंत दोन्ही पंजांवर लाल पुरळ आलं. आयव्हीचा चीक काहींच्या अंगाला बाधतो, हे मला नंतर कळलं. मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, "कुठल्या झाडाच्या चिकाला हात लावला होता का?"

सोबत बायको होती. "नाही," मी म्हणालो.

"मग खाण्यातून असणार," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी माझं दूध, अंडी, वांगं, शेंगदाणे, टोमॅटो आणि आंबट असं सगळं पंधरा दिवस बंद केलं. एका "नाही"पायी मी पुढचे पंधरा दिवस उकडलेला दुधी खाल्ला. सासूबाईंनी त्यात मीठही कमी घातलं, खबरदारी म्हणून.

बुधवारी हेड म्हणालं, "खालची पानं वळायला लागली. काय झालं असेल बरं?" मी म्हणालो, कीड असेल. त्यांनी कडुनिंबाचं पाणी फवारलं. गुरुवारी तोच प्रश्न. मी म्हणालो, खत कमी पडलं असेल. त्यांनी खत घातलं. कुठे घातलं कोण जाणे, मुळं तर माझ्याकडे होती. शुक्रवारी त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "आपल्या हाताला काय झालं?"

"वांग्याने," मी म्हणालो.

"वांगं," त्यांनी उच्चारलं. "जपा."

मी रोज ठरवत होतो की उद्या मागच्या दारात चहा प्यायचा नाही. पण रोज सहाच्या सुमाराला पाय आपोआप तिकडे वळायचे आणि मी पोचतो न पोचतो तोच पलीकडून खोकल्याचा आवाज यायचा. प्रश्न तोच, सूर तोच. त्यात ना संशय, ना राग. तो असता तर मला भांडता तरी आलं असतं. सातव्या दिवशी मी स्टुलावर चढून पलीकडे बघितलं. माणूस वेताच्या खुर्चीत बसून ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होता. करपलेलं पान हातात तुटून आलं की ते टाकत नव्हता, मांडीवर ठेवत होता. मी खाली उतरलो. खाली उतरताना स्टुलाचा पाय मोडला, पण त्याविषयी कोणाकडे तक्रार करावी अशी माझी परिस्थिती नव्हती.

बायकोला मी त्या संध्याकाळी विचारलं, "समजा, एखाद्याने एखादी गोष्ट केली, आणि ती कोणाला कळलीच नाही, तर?"

ती पाव कापत होती. सुरीकडे बघत म्हणाली, "या सुरीच्या दातांत हिरवं काय अडकलंय, ते मी गेला आठवडाभर विचारलेलं नाही. यापुढेही विचारणार नाही. दुधी घ्या."

दहाव्या दिवशी परीक्षक आले. तीन जण होते, एकाच्या हातात फाईल. मी भिंतीच्या अलीकडे मोडक्या स्टुलाशेजारी बसून ऐकत होतो. पलीकडे भिंतभर तपकिरी पानांचा पडदा लटकत होता. एक परीक्षक म्हणाला, "सर, पहिल्या फेरीच्या फोटोत ही अशी नव्हती हो. काय झालं?"

 हेडमास्तर म्हणाले, "माझीच हयगय झाली. ऊन लागलं."

"पण इथे तर ऊन येतच नाही," दुसरा म्हणाला.

"येतं," हेडमास्तर म्हणाले. "कधीकधी येतं."

मग फाईल मिटल्याचा आवाज आला आणि फाटक वाजलं.

चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस माझ्यासमोर, म्हणजे भिंतीआडून का होईना पण माझ्यासमोर, खोटं बोलला होता. आणि माझ्या एका खोट्यापायी मी दुधी खात होतो तेवढ्यावर ते फिटणार नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुधी होता हे एक कारण, पण तेवढंच नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी मी मागच्या दाराने गेलो नाही. पुढच्या दाराने निघालो, रस्त्याने वळसा घातला आणि त्यांच्या फाटकातून आत गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. ते खुर्चीत बसले होते. मानेखालचं शरीर मी प्रथमच नीट पाहत होतो. उंच, वाळका माणूस होता, पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

मी वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं. त्यात स्पर्धेचे नियम होते, भिंतीची मालकी होती, "आपली" या शब्दाचे तीन अर्थ होते. तोंडातून मात्र एवढंच निघालं, "मी कापली."

"हो," हेडमास्तर म्हणाले.

"म्हणजे, वेल. सुरीने. रविवारी."

"दातेरी सुरीने," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी एक फांदी पलीकडे लोंबत होती, ती ओढायला मी वाकलो, तेव्हा माती हललेली दिसली. काठीने बाजूला केली. दातांच्या खुणा अगदी स्वच्छ होत्या."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"दुसऱ्या. रविवारी मी वाचनालयात होतो."

"मग रोज मला का विचारत होतात?"

त्यांनी मला समोरच्या पायरीवर बसायची खूण केली. मी बसलो. पायरी बुटकी होती, त्यामुळे ते एकदम वर गेले आणि मी खाली.

"शाळेत काच फुटली की कोणी फोडली, असं मी कधी विचारत नसे. विचारलं की मूल खोटं बोलतं, आणि एकदा खोटं बोललं की त्याला ते सांभाळत बसावं लागतं. मी नुसता रोज त्या खिडकीपाशी उभा राहून म्हणायचो, काय झालं असेल बरं? तिसऱ्या, फार तर चौथ्या दिवशी मूल आपणहून यायचं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आपल्याला अकरा दिवस लागले."

बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर दोन मेमो निघाले आहेत. दोन्ही मिळून एवढे लागले नव्हते.

"आणि काल परीक्षकांना?" मी विचारलं.

"काल दहावा दिवस होता. मूल यायच्या बेतात असताना त्याचं नाव बाहेर सांगायचं नसतं. शिवाय मीही पूर्ण निर्दोष नाही. अर्जात वेल कोणी लावली असा रकाना होता. मी तो रिकामा सोडला. माझं नाव लिहिणं खोटं झालं असतं आणि आपलं लिहिणं... मनाला पटत होतं, हाताला पटलं नाही. ती खुर्ची मी तिच्यासमोर ठेवली होती ना. बऱ्याच वर्षांनी घरात रोज बघायला काहीतरी होतं."

मी पायरीवरची एक मुंगी बघत राहिलो.

"मग आता?" मी शेवटी विचारलं.

"आता भिंत," हेडमास्तर म्हणाले. "वाळलेली वेल ओढली की मुळांचे केस भिंतीला चिकटून राहतात. ते तारेच्या ब्रशने घासावे लागतात. चार रविवार लागतील. ब्रश मी देईन."

"आणि वेल?"

त्यांनी काठीने कोपऱ्यात दाखवलं. वेलीची एक फांदी उतरत उतरत जमिनीला टेकली होती आणि तिथे तिने आपली वेगळी मुळं धरली होती. बाकी सगळं तपकिरी, पण त्या वीतभर जागेत तीन हिरवी पानं होती. "ही आता इथलीच. हिला कोणी पाणी घालायचं ते आपण दोघांनी बसून ठरवू. लेखी," ते म्हणाले.

चार रविवार मी घासत होतो. पहिल्या रविवारी हातमोजे बायकोने दिले, "वांगी असतील तिकडे" एवढंच म्हणून. दुसऱ्या रविवारी सासूबाई आपली खुर्ची घेऊन पलीकडे आल्या आणि हेडमास्तरांशेजारी बसून त्यांनी मला वरच्या कोपऱ्यातले राहिलेले डाग दाखवले. दोघांचं फार जमलं. माझ्याविषयी त्यांची मतं जुळतात, असं दिसलं. तिसऱ्या रविवारी नर्सबाई फाटकापाशी थांबल्या आणि भिंतीशी बोलून बघा म्हणाल्या. मी रविवारी कितीही घासलं तरी संध्याकाळी भिंतीवर मुळांच्या बारीक रेषा दिसायच्याच, आणि हेडमास्तर खिशातून खडू काढून तिथे गोल करायचे. पुढच्या रविवारी मी गोलापासून सुरुवात करायचो.

चौथ्या रविवारी उन्हं कलल्यावर मी ब्रश खाली ठेवला. हेडमास्तर उठले, चष्मा लावून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, मधेच दोनदा थांबून बोट फिरवून बघितलं. मी हात पुसत उभा होतो. परत येऊन त्यांनी खिशातून खडू काढला. या वेळी गोल केला नाही. भिंतीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, वहीच्या शेवटी करतात तशी तिरकी रेघ मारली आणि तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, "ठीक."

त्याखाली सही आणि तारीख होती.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" मी तिला म्हणालो, उद्या सकाळी पलीकडे ये, वाचून दाखवतो.